तांदळाचा पाऊस

परवा संध्याकाळी एका छोट्या सभागृहात प्रायोगिक मूकपट पाहिला. त्याचे आवाज पडद्याशेजारी बसलेली एक मुलगी तिथल्या तिथे काढत होती. पडद्यावर पाऊस आला, तशी तिने सुपात तांदूळ हलकेच घोळवले आणि मला आई आठवली.

मोठ्या आजारानंतर आईला ऐकू येईनासं झालं होतं. शेजारच्या काकूंकडे टीव्हीवर सिनेमा लागला, की ती माझ्यापुढे तळहात धरायची. "काय वाजतंय गं?" मग मी तिच्या हातावर बोटांनी पाऊस पाडायची, घोडे दौडवायची, ढोलकी वाजवायची. ती पडद्याकडे बघत खुदकन हसायची. आवाज असा एकाच्या हातून दुसऱ्याकडे पोचवता येतो, याचं तेव्हा काही अप्रूप वाटलं नव्हतं.

एका दुपारी माझ्या मैत्रिणीही तिथे होत्या. सिनेमात वाजतगाजत वरात निघाली. आईने हात पुढे केला. मला लाज वाटली. काहीच वाजत नाही, असं मी मानेनेच सांगितलं.

आईने सनईवाल्याच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, मग माझ्या मैत्रिणींकडे.

"बरं," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. त्यानंतर तो तिने कधीच पुढे केला नाही.