फ्रिजमधला पेशंट

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसचा डबा भरत होते. बाबांनी फोन खाली ठेवला आणि "ताई गेली" एवढंच म्हणाले. आम्ही लगेच राजुऱ्याहून चंद्रपूरला निघालो. आत्या तिच्या पलंगावर झोपल्यासारखीच होती. शेजारच्या पुष्पाबाई सकाळी तिच्यासाठी चहा घेऊन आल्या होत्या. तो कप अजून स्टुलावर होता, वर साय धरलेली. मी तिच्या कपाळाला हात लावला, तळहात नाही, हाताची पाठ... ताप असाच बघायचा, तळव्याला नीट कळत नाही, असं तिनेच मला लहानपणी शिकवलं होतं. कपाळ थंड होतं. मी हात काढून घेतला आणि आलेल्या लोकांसाठी पाणी आणायला आत गेले.

आत्या नर्स होती. नोकरीची बरीच वर्षं गडचिरोलीकडच्या सरकारी दवाखान्यांत गेली, निवृत्त झाल्यावर तिने चंद्रपुरात दोन खोल्यांचं घर घेतलं. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कोणाला विचारूही दिलं नाही. गल्लीत ती सगळ्यांची सिस्टरबाई. मला तिच्याकडे बरं वाटायचं, कारण मी कमी बोलते याची तिला काळजी नव्हती. बाकी नातेवाईक "काऊन वं, इंग्लिश शाळेत तोंड ठेवून आली का?" असं विचारायचे. आत्या समोर वाटाण्याच्या शेंगा सरकवायची आणि आम्ही दोघी गप्प बसून सोलायचो.

चार मैत्रिणींबरोबर ती एकदा हिमाचलात फिरायला गेली. तिथून लोक शाली आणतात, ही ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक मुळकं घेऊन आली. होस्टा. गेस्टहाउसच्या पायऱ्यांशी, सावलीत, ही झाडं ओळीने होती म्हणे. रुंद, शिरांची, निळसर हिरवी पानं. "फुलाचं काई कौतुक नाई त्याले, नुसतं पान. तरी सगळे थांबून पाहून राह्यले," ती सांगायची. पुष्पाबाईंनी त्याचं नाव हॉस्टेल करून टाकलं. घराच्या उत्तरेला, आत्याची भिंत आणि पुष्पाबाईंची भिंत यांच्या मधल्या पट्ट्यात ऊन कधी येत नाही. तिथे कूलरच्या मागे, त्याचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात, मातीच्या कुंडीत हॉस्टेल उघडलं. उन्हाळ्यात आत्या कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायची आणि जाता-येता मातीला हाताची पाठ लावून बघायची. "ताप नाई," म्हणायची. पुष्पाबाई भिंतीवरून बघत. "आमच्या घरी माणसायले कूलर पुरत नाई," त्या म्हणायच्या, "अन् हिच्या हॉस्टेलले एसी."

उन्हाळा त्याने काढला. पावसात गोगलगाईंनी पानांची चाळण केली, तरी तेही काढलं. मग डिसेंबरात पानं पिवळी पडून झोपली. आत्याने आमच्याकडचं कोणीही केलं असतं तेच केलं. थंडी बाधली असं समजून कुंडी स्वयंपाकघरात आणली, गॅसच्या ओट्याखाली ठेवली आणि वरून स्वतःची जुनी शाल घातली. मार्चमध्ये दोनच पानं आली, बोटाएवढी, आणि तीही वाकडी. तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. "तुले इंग्रजी येते. वाचून सांगजो, याले झालं काय?"

मी मोबाइलवर वाचत गेले, ती ऐकत गेली. होस्टाला हिवाळ्यात झोपावं लागतं. झोप लागायला थंडी लागते, खरी थंडी, कित्येक आठवडे. ती मिळाली नाही तर झाड दर वर्षी लहान होत जातं आणि एक दिवस येतच नाही. आत्याने शालीची घडी घातली. "म्हणजे ज्याच्यापासून वाचवून राह्यलो, तेच पाह्यजे होतं त्याले," ती म्हणाली. चंद्रपुरात राहणाऱ्या माणसाला झाडाचा शत्रू एकच माहीत असतो, ऊन. थंडी कमी पडून कोणी मरेल हे आमच्या डोक्यात येत नाही.

त्या वर्षी तिने त्याला कसंबसं जगवलं. यंदाच्या डिसेंबरात मात्र मुळकं धुऊन, ओलसर भुशात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीशेजारी. फळांचा वास त्याला चालत नाही असं मी वाचून दाखवलं होतं, म्हणून सफरचंदं टेबलावर आली. "पेशंटपाशी नातेवाईक नको," ती म्हणाली. डिस्चार्ज होळी झाल्यावर. तोवर उठवायचं नाही, हलवायचं नाही. पुष्पाबाईंना एकदा दही काढताना ते दिसलं. गडचिरोलीच्या पेशंटने आणून दिलेली जंगलातली मुळी असणार, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं.

"सिस्टरबाई, मले देजा थोडी. गुडघे लय दुखून राह्यले."

"हे तुमच्या गुडघ्यापेक्षा नाजूक हाये," आत्या म्हणाली. तिने दार लावलं आणि पुष्पाबाईंना गोळी दिली.

जानेवारीत आत्या गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्यासाठीची बुद्धवंदना आणि जेवणं झाल्यावर, काकूने फ्रिज रिकामा करायला घेतला. घर आता बंद राहणार होतं. दूध गेलं, सुकलेला सांबार गेला. मग ती पिशवी बाहेर आली. "हे काय सडवून ठेवलं बाईनं?" काकू म्हणाली. पुष्पाबाई पुढे झाल्या, "फेकू नका, औषध हाये ते." खोलीत वीसेक माणसं असतील. इतक्या लोकांत मी सहसा बोलत नाही.

"ते झाड आहे," मी म्हणाले. "आत ठेवा. फ्रिज बंद करू नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी प्लग काढून हातात धरला होता. "आपल्याकडे नेऊ की," ते म्हणाले. "हलवायचं नाही म्हणाली होती," मी म्हणाले, "होळीपर्यंत." बाबांनी प्लग परत लावला. फ्रिज एकदा थरथरला आणि चालू झाला. काकूने पिशवी माझ्या हातात दिली.

आता घरात कोणी नसतं. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली आहे, कूलरवर चादर टाकली आहे. मी रविवारी किल्ली घेऊन जाते, खिडक्या उघडते, केर काढते. आवाज फक्त फ्रिजचा. मागच्या रविवारी खालचा कप्पा ओढला तर पिशवीतून एक कोंब दिसला, टोकदार, घट्ट मिटलेला. जिवंत आहे का ते मला अजून सांगता येणार नाही. होळीला अजून वेळ आहे... मी भुशाला हाताची पाठ लावली. थंड होतं, असायला हवं तसं. मग मी दार हळू लावून घेतलं.