मिशीतला वाटेकरी

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. आमच्या आबांची रीत बरोबर उलटी. घरचा मी कार्टा, आणि माझ्या खोलीत राहणारा परका पोरगा त्यांचा बाब्या. आबा म्हणजे माझे वडील. माढ्याजवळच्या खेड्यात आमची ज्वारीची कोरडवाहू जमीन होती आणि मी त्यांचा एकुलता एक. शिकलो, सोलापुरात गिरणीच्या हापिसात कारकून झालो, पण 'शाबास' हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी निघाला नाही. बैलाला म्हणत, कुत्र्याला म्हणत. मला म्हणत, "जेवलास का?"

ही तिसाच्या सालाआधीची गोष्ट. एका विणकराच्या घरात वरची खोली आम्ही दोघांनी भाड्यानं घेतली होती. खाली दिवसभर माग खटखटायचे. घरमालकीणबाई तेलुगू, बोलायच्या मराठीच, पण घाबरल्या किंवा रागावल्या की तेलुगूत शिरायच्या. माझा सोबती पुण्याकडचा, हापिसात माझ्याच शेजारी बसणारा. अक्षर चांगलं, आवाज हळू, आणि तोंड नेहमी तुळतुळीत. त्याच्याकडं सेफ्टी रेझर होता.

आम्ही बाकीचे लोक आठवड्यातून एकदा लिंबाखाली न्हाव्यापुढं मान देऊन बसायचो. रविवारी माणसात, गुरुवारपर्यंत पुन्हा बाभळीचं खोड. हा पठ्ठ्या मात्र रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवून स्वतःची दाढी स्वतः करी. ब्रशानं फेस काढी, पितळी डबीतून पातं काढून रेझरच्या चपट्या डोक्यात बसवी, आणि काम सुरू. मी अंथरुणात तोंडावर पांघरूण घेऊन एका डोळ्यानं बघायचो. उघड बघितलं असतं तर त्यानं शिकवलं असतं. ते मला नको होतं.

एकदा शिकवलंच त्यानं, मी न विचारता. "सगळी गंमत दांडीच्या कलात आहे," तो म्हणाला. "डोकं गालावर पालथं टेकव. दांडी सरळ बाहेर. असं ओढलंस तर नुसतं घसरतं, काही कापत नाही. आता दांडी हळूहळू खाली आण. केसाला लागलं की पातं बोलतं. ऐक." आणि खरंच, बारीक खरखर ऐकू आली. "पातं बोललं की थांबायचं. आणखी खाली नेलंस तर कातडं सोलून निघेल. आणि दाबायचं नाही. वस्तऱ्याची सवय इथं चालत नाही."

"मला काय करायचंय," मी म्हणालो. "आमच्यात न्हावी आहेत."

आबा बाजारहाटाला सोलापुरात आले की आमच्याकडं उतरत. पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिता पिता या पोराच्या तोंडाकडं टक लावून बघत बसले. आमच्याकडं बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. मिशी उतरायची ती बाप गेल्यावर, न्हाव्यासमोर, एकदाच. म्हणून आबांनी सरळ विचारलं, "मिशी का न्हाय रं पोरा? वडील?"

"नाहीत. मी लहान होतो तेव्हाच गेले. चेहराही आठवत नाही." आणि थोडं हसून म्हणाला, "म्हणून मग ठेवलीच नाही कधी. कुणासाठी ठेवायची?"

आबा उठले, जाता जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गालावरून बोटं फिरवली. "काय तोंड ठिवलंय बग," मला म्हणाले. "शाबास. न्हाय तर तू. काटंरी निवडुंग."

शाबास! मी हातातली कपबशी खाली ठेवली नसती तर फुटली असती. माझ्या डोक्यावर त्यांनी असा हात ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि हा कोण कुठला, त्याला पहिल्या भेटीतच शाबास. बाप नाही म्हणून दया करावी, मान्य. पण दया करायला माझाच बाप का? पुण्यात काय बाप कमी होते? त्या दिवसापासून त्याच्या रेझरकडं बघितलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढच्या वेळी आबा यायचे होते त्याआधी मी ठरवलं. आपलेही गाल असे करायचे की त्यांनी बोटं फिरवावीत. मिशीला हात लावायचा नाही, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त गाल आणि हनुवटी. सोबती खाली नळावर आंघोळीला गेला, तशी मी डबी उघडली.

गाल झकास झाले, खोटं कशाला बोलू. डोकं टेकवलं, दांडी खाली आणली, पातं बोललं, थांबलो. हनुवटीच्या वळणावर दांडी वळवावी लागते, तेही जमलं. मला वाटलं, अरे, यात काय मोठं! आणि तिथंच माती खाल्ली. मिशीच्या डाव्या टोकाखाली चार केस राहिले होते. नाकाखाली जागा ती केवढी. दांडी सरळ धरली तर पातं लागेना, म्हणून खाली आणली, आणखी खाली आणली, आणि न्हाव्यासारखं जरा दाबलं. मिशीचं टोकच आलं हातात.

मग बरोबरी करायला उजवं टोक काढलं. ते जास्त गेलं. मग डावं. हा उद्योग आपल्याकडं माकडानं दोन बोक्यांच्या लोण्यावर केला होता, तसा मी स्वतःच्याच तोंडावर केला. शेवटी नाकाखाली माशी बसल्यासारखा एक ठिपका उरला. तो ठेवून बाहेर जाण्यापेक्षा मी तोही काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जिना उतरलो तर समोर मालकीणबाई. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातली सुताची कांडी खाली पडली. "अय्यो! एप्पुडु?" कधी झालं, असं विचारत होत्या. एवढं तेलुगू मला येत होतं. पण मी काय सांगू? त्यांच्या मागे सोबती ओला पंचा गुंडाळून उभा होता. त्याच्यासमोर 'तुझा रेझर चोरून घेतला आणि मिशी घालवली' म्हणायचं? माझी जीभ टाळ्याला चिकटली. बाईंनी ते गप्प राहणं दुःखाचं समजलं. त्यांनी आत जाऊन माग थांबवायला सांगितले. सगळ्या घरात एकदम शांत झालं आणि थोड्या वेळानं माझ्यासाठी भाकरी-पिठलं वर आलं, कारण सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत.

सोबत्यानं मात्र डबी बघितली, पात्यावरचे केस बघितले. पातं पुसून परत डबीत ठेवलं. हसला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण हापिसातून परतताना बाजारात आमच्या गावचा एक म्हातारा, आबांचा दोस्त, भेटला. तो मंगळवेढ्याला लेकीकडं राहून आलेला, गावाकडची खबर नसलेला. माझं तोंड दिसलं आणि त्यानं भर रस्त्यात हंबरडाच फोडला. "आरं माज्या दोस्ता, मला न सांगता गेलास की रं!" मी "अहो काका, ऐका" म्हणतोय, तो ऐकतोय कुठं. तसाच टेसनावर पळाला, गाडीत बसला, गावच्या वेशीतून रडत शिरला. आणि पारावर आबा तंबाखू मळत बसलेले.

दुसऱ्या दिवशी आबा आले. मालकीणबाईंनी दारात त्यांना बघितलं आणि किंचाळून आत पळाल्या. आबा आपले जिना चढून वर.

"मी मेलो आसं ऐकलं," ते म्हणाले. "म्हनलं, माज्या दहाव्याला कोन कोन आलंय, बगून यावं."

मी तोंडावर टॉवेल धरून उभा. आबांनी तो काढला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता काठी.

तेवढ्यात सोबती पुढं झाला. "चूक माझी आहे. मी त्याला शिकवत होतो, माझा हात हलला."

बघा! माझी मिशी गेली, माझं नाक कापलं, आणि वर हा दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन थोर होणार. आबांचा चेहरा लगेच मऊ होऊ लागला. मला ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं. "न्हाय!" मी ओरडलो. हापिसात शुद्ध बोलत असलो तरी रागात गाव बाहेर येतं. "ह्यानं काय बी केलं न्हाय! मीच घितला चोरून, मीच काढली! ह्याला शाबास म्हनायचं कारन न्हाय!"

आबा खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग डोक्याचं पागोटं काढून सोबत्याला म्हणाले, "आन तुजं यंतर. हितं समदी मला मेलेला समजत्यात, जरा तोंड तरी जित्यावानी कर."

आणि मी उभा राहून बघत राहिलो. आबांचे गाल आत गेलेले, कातडं सैल. अशा तोंडावर पातं अडकतं. त्यानं एका हातानं कानाखालचं कातडं वर ओढून ताणलं, डोकं टेकवलं, दांडी खाली आणली, कान देऊन ऐकलं. "आबा, गाल फुगवा," तो म्हणाला. आबा! माझा शब्द, माझ्या बापासाठी. आणि माझा बाप गाल फुगवतोय, लहान पोरासारखा. तो गाल एकदा झाल्यावर त्यानं त्यालाच परत फेस केला. गरज नव्हती. हनुवटी धरून तो हात इतका सावकाश चालवत होता की मला सगळं समजत होतं, आणि समजत होतं म्हणून आणखीच जळत होतं.

"आन इकडं," मी म्हणालो. "एक गाल राहिलाय. बाप माझा हाय."

"तू व्हय?" आबा म्हणाले. "आदी तुजी मिशी बग." पण गाल पुढं केला.

मी रेझर आबांच्या गालाला टेकवला. सोबत्यानं मागून माझं मनगट धरलं, दांडी वर केली, पुन्हा खाली आणली. "ऐक," तो म्हणाला. पातं बोललं. मी दाबलं नाही. बापाच्या गालाला मी जाणता झाल्यावर पहिल्यांदा हात लावत होतो. तो इतका मऊ असेल असं वाटलं नव्हतं.

आबांनी तोंड धुतलं आणि दोन्ही गालांवरून हात फिरवला. मी शाबासची वाट बघत होतो. "ह्या अंगाचं लई झ्याक," त्यांनी सोबत्यानं केलेला गाल दाखवला. मी केलेल्या गालाबद्दल विचारलं, "रगत तर न्हाय न्हवं?"

माझी मिशी पुन्हा आली. ती येत असताना एक गोष्ट झाली. सोबत्यानंही मिशी राखायला घेतली. रोज सकाळी कडेनं पातं फिरवायचा, कला अशी की एक केस वेडावाकडा नाही. माझ्यापेक्षा दाट आली, मेली. "का रे, फ्याशन बदलली का?" मी चिडवलं. "हो, आता ठेवावीशी वाटते," एवढंच म्हणाला. मला वाटलं, माझी नक्कल करतोय. आबा आले की त्याच्या मिशीला पीळ द्यायचे, माझ्या नाही. मी दात-ओठ खायचो.

पुढं तो बदली होऊन दूर गेला. बरीच वर्षं गेली. आणि आबा खरंच गेले.

दहाव्याला सीना नदीच्या काठावर भाऊबंद ओळीनं बसले होते. मी पहिला. न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं, तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. माझा जुना सोबती होता. केस पिकायला लागलेले, मिशी तशीच दाट, कडा कोरलेल्या. न्हावी थांबला. भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली. परक्याला इथं बसता येत नाही. एक चुलता म्हणाला, "पावनं, तुमचा बाप कवाच गेलाय की. तुमी कशापायी?"

तो खाली मान घालून बसून राहिला. मग मला कळलं. 'कुणासाठी ठेवायची?' म्हणाला होता. माझ्या बापासाठी ठेवली होती, आणि आता उतरवायला आला होता.

तीच जुनी आग उठली, देवाशप्पथ. आबा गेले, रडायलासुद्धा मला एकट्याला मिळू नये? तिथंही हा वाटा मागायला हजर.

न्हाव्यानं माझ्याकडं बघितलं. "मालक, ह्यांची करायची का?"

"कर की," मी म्हणालो. "पन आदी माजी. थोरला मी हाय."