मुक्याचे दुधाचे दात

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर बसून त्यांनी इतक्या जणांच्या हाताला वळण लावलं, की ‘मास्तर’ हे नाव आपसूक पडलं आणि चिकटलं. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवायचे आणि मास्तर त्या मापांत प्लास्टर ओतून जबड्याचे साचे काढायचे. साचा नुसता हातात घेतला की ते सांगायचे, हा माणूस झोपेत दात खातो. ही बाई एकाच बाजूनं चावते. माणूस कधी समोर यायचा नाही. तेच त्यांना बरं वाटायचं.

घरी दोघंच होती, ते आणि ताई. ताई नऊ वर्षांनी मोठी, लवकर विधवा होऊन परत आलेली. आई आधीच गेली होती, वडीलही मास्तर सात वर्षांचे असताना गेले, त्यामुळे बहीण म्हणा, आई म्हणा, तीच. अठ्ठेचाळीस वर्षांच्या भावाला ती अजून ‘बाळ’ म्हणायची आणि पाऊस असो-नसो, निघताना छत्रीची आठवण करायची.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मास्तर आपल्या खोलीत संगणकासमोर बसत. ताई समजायची, कामाचं काही बघतोय. मास्तर खेळत असत. एक किल्ला, जमिनीखाली सात तळ, प्रत्येक तळाची वेगळी कहाणी. खेळ जगभरातले लोक खेळायचे, पण मास्तरांचा जीव रमायचा तो खेळापेक्षा त्याच्या चाहत्यांच्या गटात. तीसेक माणसं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, सगळी टोपणनावांनी ओळखणारी. मास्तरांचं नाव तिथं ‘कवळी’. ही मंडळी किल्ल्याच्या इतिहासाचा असा कीस पाडत, की खऱ्या इतिहासाच्या वाट्यालाही तेवढे कष्ट आले नसतील. भिंतीवरची अक्षरं, मोडक्या भांड्यांवरची नक्षी, किल्ल्यातले दिवे लावणारा दिवेवाला तिथून का पळाला, कशालाच सुट्टी नव्हती.

सगळ्यात मोठं कोडं होतं ‘मुका’. सातव्या तळाच्या विहिरीत राहणारं, आवाज न करता अंगावर येणारं ते ध्यान. कुणी म्हणे तो जुना राजा. कुणी म्हणे विहिरीचं पाणीच सजीव झालंय. एका रविवारी दुपारी खेळ बनवणाऱ्यांनी मुक्याचं नवं चित्र टाकलं, पहिल्यांदाच तोंड उघडलेलं. गटात हलकल्लोळ माजला. मास्तरांनी चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं आणि खुर्चीत ताठ बसले.

मग त्यांनी लिहिलं, “पुढचे वरचे दोन दात बघा. मोठे आहेत आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या आहेत. नुकत्याच आलेल्या दातांना अशी कड असते, पुढे ती झिजते. शेजारचे दात बारके, ते दुधाचे. डावीकडचा एक पडलाय. मागे पहिली मोठी दाढ आहे, दुसरी अजून नाही. चित्र काढणाऱ्यानं हे चुकून काढलेलं नाही. मुका राक्षस नाही. सात-साडेसात वर्षांचं मूल आहे.”

तासाभर कुणी दुसरं काही बोललंच नाही. मग जुने धागे उकलायला लागले. दिवेवाल्याच्या खोलीत दोन ताटं का, पायऱ्यांवरचा कठडा इतका खाली का. दोन दिवसांत कवळी हे नाव दुसऱ्या गटांतही पोचलं. मास्तर कारखान्यात मेण वितळवताना मधूनच गालात हसायचे. हसताना मात्र डावा गाल जरा जपून.

कारण डावीकडे वर, शेवटच्या दाढेमागे, टाळूच्या कडेला एक पांढरा चट्टा होता. थंडीच्या दिवसांत जिभेला लागला तेव्हा मास्तरांनी एकदा, फक्त एकदा, आरशात पाहिला. सव्वीस वर्षं दातांच्या डॉक्टरांबरोबर काढलेल्या माणसाला तो काय असू शकतो हे सांगायला कुणाची गरज नव्हती. त्यांनी आरसा खाली ठेवला आणि त्या दिवसापासून उजवीकडून चावायला सुरुवात केली.

गटात मात्र वाद पेटला. ‘दुर्बीण’ नावाचा एक गडी होता, हुशार आणि तिखट. त्यानं लिहिलं, “मूल आहे, बरं. म्हणून काय बदललं? लोक म्हणतायत आता खाली जायला जास्त भीती वाटते. हा पोरकटपणा आहे. चित्राला घाबरायचं वय निघून गेलं आपलं.”

एकीनं उत्तर दिलं, “वयानं भीती जात नाही. तिचा विषय बदलतो.”

“ती पळवाट झाली,” दुर्बीण म्हणाला. “भीती वाटू दे की. पण मोठा माणूस जाऊन बघतो. लहान माणूस पांघरूण डोक्यावर घेतो. फरक एवढाच.”

मग कुणीतरी सहज विचारलं, “कवळी, तू इतक्या वेळा लढला असशील. जवळ आल्यावर तो खरंच अजिबात आवाज करत नाही?”

मास्तरांना थाप मारता आली असती. का कोण जाणे, त्यांनी खरं लिहिलं. “मी कधी सातव्या तळाला गेलो नाही. पायऱ्यांपर्यंत जातो. पुढे जमत नाही.”

आधी हसण्याची चित्रं आली. मग दुर्बीणनं विचारलं, “वय काय तुझं?”

“अठ्ठेचाळीस.”

मग दुर्बीणचं वाक्य आलं. “म्हणजे तू लांबून दात मोजलेस. ज्याचे मोजलेस त्याच्यासमोर उभा राहिला नाहीस. यात हुशारी आहे, मोठेपणा नाही.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी संगणक बंद करून ते बाहेर आले. ताईनं पानं मांडली होती. तिनं त्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं. “चार दिवस बघतेय, बटाटा कुस्करून खातोस. दाढ दुखतेय का?”

“थोडी.”

“मग तुमच्या त्या शंभर डॉक्टरांपैकी एकाला दाखव की.”

“दाखवतो,” मास्तर म्हणाले. ताईचा विश्वास बसला. तिच्याशी खोटं बोलणं फार सोपं होतं, आणि त्यामुळेच ते जिवावर येई.

त्याच आठवड्यात कारखान्यात एक माप आलं. शस्त्रक्रियेत एका माणसाचा वरचा अर्धा जबडा काढला होता. टाळूला पडलेलं भगदाड बुजवणारी कवळी बनवायची होती. अशा कवळ्या मास्तरांनी डझनांनी केल्या होत्या, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी साचा उचलला आणि हातातून निसटला. फरशीवर त्याचे तीन तुकडे झाले.

समोरच्या टेबलावर दातांना रंग चढवणारी बाई बसायची. तिला सगळे रंगवाली म्हणत. तिनं ब्रश खाली ठेवला. “मास्तर, बरं नाही का तुम्हाला?”

“ओला होता हात.”

“कोरडा आहे,” ती म्हणाली आणि तुकडे गोळा करायला वाकली. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर, असं तिला नंतर फार वाटत राहिलं.

त्या शनिवारी अर्धा दिवस होता. मास्तर घरी आले, ताई शेजारी गेली होती. त्यांनी खेळ सुरू केला आणि पायऱ्यांवर न थांबता खाली उतरले. तळवे घामानं निसरडे झाले होते. विहिरीच्या काठावर ते उभे राहिले. तलवार उपसली नाही. मुका वर आला, खरोखरच आवाज न करता, आणि क्षणात पडदा काळा झाला. पुन्हा सुरुवातीपासून खेळायचं का, असं खेळानं विचारलं.

मास्तरांना वाटलं होतं, हे जमलं की ते दुसरं, डॉक्टरला दाखवणंही, जमेल. खिडकीतून रस्त्यावरच्या दुचाकी ऐकत ते पंधरा-वीस मिनिटं वाट पाहत बसले. आतून काहीच उठलं नाही. खेळातलं धाडस खेळातच राहिलं. गटातही त्यांनी यातलं अवाक्षर लिहिलं नाही. सोमवारी ते कामाला गेले, उजवीकडून चावत राहिले. असे आणखी पाच आठवडे गेले.

उघडकीला आलं ते ताईमुळे. सकाळी तोंड धुतल्यावर बेसिनमध्ये राहिलेला लाल ओघळ तिनं पाहिला. ती त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. “बाळ, तोंड उघड.”

“ताई, उशीर होतोय मला.”

“उघड म्हणते ना.”

त्यांनी उघडलं. ताईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रंग कळत होता. ती पलंगाच्या कडेला बसली. “कधीपासून?”

“थंडीपासून.”

“आणि तुला ठाऊक होतं.”

मास्तर एकदम म्हणाले, “बाबांना नेलं तेव्हा तू मला काय सांगितलंस? कामासाठी दूर गेलेत. दोन वर्षं मी फाटकाशी बसायचो.”

ताईचा चेहरा उतरला. “मी सोळा वर्षांची होते रे. कसं सांगायचं ते कुणी मला शिकवलं नव्हतं.” चादर सारखी करत ती म्हणाली, “मलाही भीती वाटत होती. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.” मग उठली, पदरानं डोळे पुसले आणि छत्री न घेताच त्यांना घेऊन निघाली.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, मास्तरांना नावानं ओळखणारा. तपासणीचा कागद आल्यावर तो कागदाकडे बघतच म्हणाला, “मास्तर, सहा महिने आधी आला असतात, तर तेवढाच तुकडा काढून भागलं असतं.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले.

डाव्या बाजूचा वरचा जबडा काढायचं ठरलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवायची कवळी आधी तयार लागते. त्यांच्या तोंडाचं माप कारखान्यात आलं तेव्हा रंगवाली म्हणाली, “मी करते. नाहीतर बाहेरून करून घेऊ.”

“माझं तोंड मला माहीत आहे. आण इकडे.”

त्यांनी स्वतःच्याच मापात प्लास्टर ओतलं. साचा सुकल्यावर डॉक्टरनं आखून दिलेल्या रेषेवर पेन्सिल फिरवली. मग बारीक करवत घेऊन त्या रेषेच्या पलीकडचे, शस्त्रक्रियेत जाणारे दात एकेक करून कापले. शेवटची दाढ, तिच्या पुढची, सुळा. कारखान्यातली माणसं आपापल्या कामात मान खाली घालून बसली होती. करवतीखालून पांढरी भुकटी मास्तरांच्या मांडीवर पडत होती. हात एकदाही हलला नाही. कवळी पॉलिश करून त्यांनी डबीत ठेवली, डबीवर चिठ्ठी चिकटवली आणि चिठ्ठीवर नेहमीसारखा रोग्याचा नंबर घातला. नाव घातलं नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. कवळी एका फटक्यात बसली, डॉक्टरनं तोंड भरून कौतुक केलं. पण बोलणं गेंगाणं झालं. ताईला कळायचं, बाकीच्यांना दोनदा विचारावं लागायचं, म्हणून मास्तरांनी बाकीच्यांशी बोलणं कमी केलं. दोन महिन्यांनी ते कामावर गेले, अर्धा दिवस. गटात डोकावले, तर तिथं आता वेगळाच वाद रंगला होता. खासगीत मात्र दुर्बीणचा जुना निरोप पडून होता. “कवळी, कुठे आहेस? मी त्या दिवशी जास्त बोललो. माझे वडील लिफ्टला घाबरायचे. मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडायचो. ते गेल्यावर आता मी जिन्यानं चढतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.”

मास्तरांनी लिहिलं, “तुझं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर असून उपयोग झाला नाही. जाऊन बघायला हवं होतं, हे मला तू सांगायच्या आधीही माहीत होतं.” एवढं पाठवून त्यांनी त्याला लिफ्टबद्दल विचारलं. पुढे दोघं अधूनमधून लिहीत राहिले. खेळाबद्दल क्वचितच.

वर्ष सरता सरता मानेत गाठ हाताला लागली. दाढी करताना लागली, सकाळी आठ वाजता. मास्तर घाबरले. अगदी पहिल्यासारखे, तसूभरही कमी नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून ते मोरीच्या कट्ट्यावर बसले. मग उरलेली केली, कपडे घातले आणि दहा वाजता एकटेच इस्पितळाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. या वेळी ते वेळेवर आले होते. तरुण डॉक्टरनं तेही बोलून दाखवलं. पण दुखणं छातीतही उतरलं होतं आणि तिथं करण्यासारखं फारसं नव्हतं.

ते घरी आले तेव्हा ताई खिडकीशी बसून उशांचे अभ्रे टाचत होती. तिनं वर पाहिलं. “आज लवकर?”

ते समोर बसले. शब्द नीट उमटावेत म्हणून हळूहळू बोलले. गाठ आहे, छातीतही आहे, डॉक्टर वर्षाच्या आतलं सांगतात. काही गाळलं नाही.

ताईनं सुई अभ्र्यात खोचून ठेवली. मग तिनं विचारलं, “तुला भीती वाटतेय?”

“हो.”

“मलाही,” ती म्हणाली, आणि त्यांच्याजवळ सरकून बसली. दोघं तशीच बसून राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती.