टायमिंग चेनची खंडेनवमी

चहा घ्या, आणि बिस्किटांकडे संकोचाने पाहू नका. मी तुम्हाला एक फजिती सांगणार आहे. तिच्यातला मूर्ख कोण, हे शोधण्याची तसदी तुम्हाला पडणार नाही. तो तुमच्यासमोर बसून चहा ओततो आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढचे जे काही डोक्यात आहे ते मी स्वतः वाचून मिळवले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन नागपूरहून चंदीगडला आलो, निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. वाचनाच्या बाबतीत माझी शिस्त कडक आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचे, आणि हाती असलेले प्रकरण संपल्याखेरीज पुढचे पान उलटायचे नाही. शेवट आधी पाहून घेणारा वाचक मला, पान मांडण्यापूर्वीच स्वयंपाकघरात शिरून पातेल्यांची झाकणे उचलणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो.

तर, आमची गाडी. लहान, बुटकी आणि जुनी. गुडघे दुखू लागल्यापासून आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे वसुधेला, हल्लीच्या उंच गाड्यांत चढता येत नाही. या गाडीत मात्र ती खुर्चीवर बसावे तशी बसते. दर रविवारी आम्ही दोघे तिच्यातून सुखना तलावावर जातो. पण गेल्या उन्हाळ्यापासून सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या पुढच्या बाजूने असा आवाज येऊ लागला, की कुणी पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या घालून तो हलवत आहे. अख्खे सेक्टर जागे होई.

आमचा मुलगा निखिल मोहालीत संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला मराठी सारे समजते, पण वाद घालायचा झाला की तो हिंदीत शिरतो.

"बाबा, टायमिंग चेन ढिली पडलीय. इस गाडी पे अब मेहनत करने का मतलब नहीं," तो म्हणाला. "मोहालीजवळच्या खरड गावचा एक भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. उठा के ले जाएगा. तुम्ही कॅब मागवत जा, फोनमध्ये ॲप टाकून देतो."

"चेन मी स्वतः दुरुस्त करीन," मी म्हणालो.

"आप?"

"मी."

तो हसला. मोठ्याने नव्हे, पण वडिलांना राग यावा इतके नक्कीच.

"ठीक आहे. दसऱ्याला ही गाडी माझ्या बिल्डिंगखाली उभी दिसली, तर मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. नहीं दिखी, तो अगले दिन भंगारवाला. पक्का?"

"पक्का," मी म्हणालो. एरवी हा शब्द मी तोंडातून काढत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आमच्या गाडीचे जाडजूड इंग्रजी दुरुस्तीपुस्तक शोधून आणले. 'इंजिन सोडवणे' हे प्रकरण मी तीन वेळा वाचले, कठीण शब्द कोशात पाहिले, आणि नवरात्राच्या सुमारास अंगणात पांढरी चादर अंथरून कामाला लागलो.

टायमिंग चेन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या खालच्या बाजूला क्रँक फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. डोक्यावर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडझाप करतो. या दोघांनी एकमेकांचा वेळ अचूक सांभाळावा म्हणून दोघांच्या दातेरी चाकांवरून एक साखळी जाते. वेळ चुकली, तर वर जाणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन कायमचे गारद. बस, इतकेच. नवराबायकोच्या संसाराहून यात वेगळे काही नाही.

शेजारचे जसवंतजी, बँकेतून निवृत्त झालेले सरदारजी, खुर्ची घेऊन येऊन बसले. इंजिनातले त्यांना माझ्याहूनही कमी कळते; पण प्रत्येक भागाविषयी त्यांचे ठाम मत असते.

"सबनीस साब, इतना सामान निकाल रहे हो, वापस जाएगा?"

"क्रमाने निघालेली वस्तू क्रमानेच परत जाते," मी हिंदीत समजावले.

"हमारी घरवाली भी मायके क्रम से जाती है जी. वापसी का कोई क्रम नहीं."

पण सांगायला आनंद वाटतो, की काम उत्तम झाले. वरचे झाकण निघाले, पुढचे झाकण निघाले. एक नट हटून बसला होता. त्याच्यावर आम्ही दोघे म्हातारे पान्याला लांब पाइप लावून लोंबकळलो, तेव्हा तो वळला. ताण देणारा टेन्शनर निघाला. तो झिजला होता, त्याच्या जागी बसवायला नवा आणून ठेवला. दातेरी चाके निघाली, साखळी निघाली, कॅमशाफ्टही निघाला. सारे चादरीवर ओळीने मांडले. प्रकरणाचे शेवटचे वाक्य होते, 'सर्व भाग काळजीपूर्वक स्वच्छ करावेत.' मी पुस्तक मिटले. पुढच्या प्रकरणाचे नाव काय होते, हेसुद्धा मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रांची, अवजारांची, यंत्रांची पूजा होते. वसुधा आदल्या दुपारी देवांची पितळी भांडी चिंचेने घासत बसली होती. तिने चादरीकडे पाहिले.

"अहो, दरवर्षी गाडीला हार घालतो. यंदा हार कुठे घालायचा?"

"जशी आहे तशीच पूजा करू," मी म्हणालो. "उलट यंदा आतल्या भागांनाही मान मिळेल. पण पूजेची वस्तू निर्मळ हवी. ते माझ्याकडे राहू दे."

आणि मी घासायला बसलो. आधी डिझेल, मग साबण, मग दातांचा जुना ब्रश. दातेरी चाके आरशासारखी झाली. साखळीची एकेक कडी मी पुसली. मात्र तिच्यातल्या मोजक्या कड्यांवर पिवळसर डाग होते, आणि ते काही केल्या निघेनात. कुणा गबाळ्या मेकॅनिकने मागे कधीतरी रंगाचे हात लावले असणार, असे मला वाटले. माणसे आपल्या कामात इतकी निष्काळजी कशी असू शकतात, यावर मी वसुधेला बराच वेळ व्याख्यान दिले. तिने तारेची घासणी माझ्याकडे सरकवली. दिवेलागणीपर्यंत मी ते डाग समूळ नाहीसे केले.

खंडेनवमीला चौरंगावर लाल वस्त्र, त्यावर परातीत साखळी, कॅमशाफ्ट आणि चाके. हळदकुंकू, झेंडूची फुले, उदबत्ती. जसवंतजी पगडी सावरून हात जोडून उभे राहिले. "वाह जी. सोने की चेन लग रही है," ते म्हणाले. मी नम्रपणे मान लववली. तशी नम्रता मला फारशी जमत नाही, पण त्या दिवशी जमली.

नैवेद्य झाला, आणि मी समाधानाने नवे प्रकरण उघडले. 'इंजिन जोडणे.' पहिल्याच परिच्छेदात, चौकटीत, ठळक अक्षरांत सूचना होती: साखळीवरील पिवळ्या रंगाच्या कड्या दोन्ही चाकांवरील खुणांसमोर येतील अशाच बसवाव्यात. या कड्यांवरचा रंग कोणत्याही परिस्थितीत पुसला जाऊ देऊ नये.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. मग कोश उघडून 'पिवळा' या शब्दाला इंग्रजीत आणखी काही अर्थ असतो का, ते पाहिले. नसतो.

"काय झालं?" वसुधेने विचारले.

"काही नाही. लेखकाची शैली जरा कोरडी आहे."

मी परातीकडे धावलो. सगळ्या कड्या सारख्याच. सगळ्यांवर वसुधेने भक्तिभावाने कुंकवाचे बोट टेकवलेले. चष्मा लावून पाहिले, भिंग घेऊन पाहिले, उन्हात धरून पाहिले. मी केलेले काम इतके निर्दोष होते, की पिवळ्याचा कणही उरला नव्हता. आयुष्यात इतकी स्वच्छता मी दुसऱ्या कोणत्याही वस्तूची केलेली नाही.

तरीही मी कॅमशाफ्ट आणि चाके जागी बसवून अंदाजाने साखळी चढवून पाहिली. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे पान्याने इंजिन हातानेच फिरवले. अर्ध्या फेरीत आतून 'टक्' असा हलका आवाज झाला आणि पाना पुढे जाईना. मी साखळी काढली, थोडी सरकवून पुन्हा चढवली. पुन्हा 'टक्.' पिस्टन व्हॉल्व्हला भेटत होता.

"मारो सेल्फ, सबनीस साब," जसवंतजी म्हणाले. "या तो चलेगी, या नहीं चलेगी. देखी जाएगी."

खरे सांगतो, किल्लीकडे माझा हात गेला होता. दुसऱ्या दिवशी दसरा होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला. पण किल्ली फिरवली असती आणि व्हॉल्व्ह वाकले असते, तर भंगारवाल्याशी वाद घालण्याचेही कारण उरले नसते. मी सारे पुन्हा सोडवून परातीत ठेवले आणि वसुधेला खरे ते सांगितले.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे रविवारचं सुखना बंद?"

त्यापेक्षा तिने मला चार शब्द सुनावले असते, तर बरे झाले असते.

दसऱ्याच्या सकाळी मी अंगणात पायरीवर बसलो होतो. जसवंतजी कुंपणापलीकडून म्हणाले, "साब जी, शर्त क्या थी? गाडी बेटे के नीचे खडी दिखनी चाहिए. चलकर आई या खिंचकर आई, उसने पूछा था?"

मी आठवून पाहिले. निखिलने खरोखरच तसे काही विचारले नव्हते. मी कायद्याची पुस्तके वाचलेला माणूस आहे; कराराच्या शब्दांचा मान राखला पाहिजे, असे माझे ठाम मत त्या क्षणी बनले.

जसवंतजींनी आपली मोठी गाडी पुढे लावली. दोर बांधला. बॉनेटवर झेंडूचा हार घातला. मी कोट घालून स्टिअरिंगमागे बसलो. वसुधा हिरवे लुगडे नेसून मागे बसली, एका बाजूला सोन्याची पाने (इकडे आपटा मिळत नाही, आम्ही कचनारची पाने घेतो), आणि मांडीवर ती परात.

"परात कशाला?" मी विचारले.

"गाडी लेकाकडे जाणार, आणि तिचं काळीज घरी ठेवू?" ती म्हणाली.

आमची मिरवणूक बेताच्या वेगाने निघाली. मोहालीच्या हद्दीजवळच्या गोल चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवला. तो आधी जसवंतजींकडे गेला.

"क्या खराबी है गाडी में?"

"खराबी कोई नहीं, जनाब," जसवंतजी म्हणाले. "आधा इंजन पीछे माताजी की गोद में है."

पोलीस वाकून मागच्या खिडकीतून पाहू लागला. वसुधेने त्याला कचनारचे पान दिले. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," ती मराठीतच म्हणाली. त्याने पान खिशात ठेवले आणि दुसऱ्या बाजूची वाहने थांबवून आम्हाला वाट करून दिली.

निखिल खाली आला तो दोराकडे पाहतच. मी उतरलो आणि कोट नीट केला.

"गाडी तुझ्या बिल्डिंगखाली उभी आहे," मी म्हणालो.

"बाबा, यह चीटिंग है."

"हा करार आहे."

त्याने बॉनेट उघडले, आतली पोकळी पाहिली, मग मागची परात पाहिली. "चेन इतनी चमक क्यों रही है?" मी कारण सांगितले. तो रस्त्याच्या कडेला बसून हसला, डोळे पुसून पुन्हा हसला. शेवटी उठून त्याने आधी आईच्या आणि मग माझ्या पाया पडून सोने दिले.

"राहू दे गाडी," तो म्हणाला. "भंगारवाल्याला मी नको सांगतो. नवी चेन मी मागवतो. पण ती येईपर्यंत गाडी इथेच माझ्या पार्किंगमध्ये राहील. आणि रंग तुम्ही घासायचा नाही."

मी अट मान्य केली. इतक्या समाधानाने मी कधीच कुठली अट मान्य केलेली नाही.

जसवंतजींना नातवंडांना रावणदहन दाखवायचे होते, म्हणून ते आधीच निघून गेले होते. निखिलने आमच्यासाठी कॅब बोलावली. ती बुटकी होती, हे मी मुद्दाम नोंदवतो. वसुधा पुढे बसली, मी मागे, आणि पूजेतली वस्तू पार्किंगमध्ये ठेवायची नाही म्हणून परात या वेळी माझ्या मांडीवर.

कॅबवाला वीसबावीस वर्षांचा पोरगा होता. त्याने आरशातून झेंडू पाहिले, कुंकू पाहिले, झगमगणारी साखळी पाहिली. लगेच गाणी बंद केली आणि गतिरोधकांवर गाडी इतकी हळू नेऊ लागला, की मला त्याचे कौतुक वाटले. घरापाशी पोचल्यावर त्याने मागे वळून हात जोडले.

"बाबाजी, यह कौन से देवता हैं?"

मी असत्य बोलत नाही. "बेटा," मी शुद्ध हिंदीत म्हणालो, "ये देवता नहीं हैं. यह मेरी गाडी का इंजन है. मैंने स्वयं खोला है."

त्याने जोडलेले हात सोडले. मग हलक्या आवाजात वसुधेला म्हणाला, "माताजी, बाबाजी का ध्यान रखा करो."

"रखती हूँ बेटा," ती म्हणाली. "बस, एक दोपहर भगवान के बर्तन माँजने बैठ गई थी, उतने में नज़र चूक गई."