पट्टेवाल्याचं खरं नाव

मामंजी निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीनं त्यांना मासा दिला. म्हणजे तशी काचेची पेटी दिली. तळाला खडे, हवेचा पंप, एक प्लॅस्टिकचा किल्ला आणि किल्ल्यामागे तोंड लपवून बसलेला काळपट मासा. डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याच्या अंगावर पांढरे पट्टे. हेडक्लार्क भाषणात म्हणाले, "आमच्या पट्टेवाल्याला आमच्याकडून पट्टेवाला!" टाळ्या पडल्या, हशा पिकला. मामंजीही हसले, पण त्यांच्या मिशा काही हलल्या नाहीत, हे मी शेजारच्या खुर्चीतून पाहिलं.

सगळी नोकरी त्यांनी साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर काढली. खांद्यावरून तिरपा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे ते चपला बघून ठरवायचे. "चेहरा काय, कुणीही गंभीर करतो. चप्पल खोटं बोलत नाही." या शास्त्रानं त्यांनी एकदा खुद्द साहेबांच्या सासऱ्यांना बाहेर बसवून ठेवलं होतं, कारण ते झिजलेल्या स्लिपरा घालून आले होते. ही गोष्ट सासूबाई आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर देतात.

माशाची पेटी बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर ठेवली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "शास्त्र आता घरबसल्या चालू दे."

"याला पट्टेवाला म्हणायचं नाही," मामंजींनी पहिल्याच दिवशी बजावलं. "पट्टा हा हुद्दा झाला. याला नाव असेलच की."

नावावाचून कुणाचं काही अडलं नसतं. पण मासा दिवसभर किल्ल्यामागे, दिसायचा तो फक्त दिवेलागणीला. सासूबाईंना ती रिकामी पेटी बघवेना, म्हणून त्यांनी ओंजळभर रंगीत गप्पी आणून आत सोडले. रोज सकाळी त्यांच्याशी बोलू लागल्या. आणि गप्पी एकेक करून नाहीसे व्हायला लागले. सासूबाईंनी कपाटाखाली पाहिलं, मामंजींच्या बुटातही पाहिलं. शेवटी कमरेवर हात ठेवून पेटीपुढे उभ्या राहिल्या.

"हे बघा, हा कोण, काय खातो आणि केवढा होतो, ते मला रविवारपर्यंत सांगा. नाहीतर रविवारी हा दुकानात परत."

"अगं, पण तो निरोपाचा आहे."

"मग त्याला निरोप द्या."

मामंजींचा चेहरा एवढासा झाला. त्या चेष्टेच्या भेटीवर त्यांचा किती जीव जडला होता, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी ते पेटीसमोर स्टूल घेऊन बसायचे, पूर्वी दारासमोर बसायचे तसेच.

आम्ही दोघं माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार बादलीत हात घालून काहीतरी शोधत होता. फोनवरचा फोटो बघून म्हणाला, "कॅटफिश. पट्टेवाला."

"पण कुठला?" मामंजींनी विचारलं.

"पाण्यातला."

"अहो, नाव काय त्याचं?"

"नावं पुष्कळ असतात काका. कुणी शार्कसुद्धा म्हणतं. ठेवा, काच साफ करेल."

बस्स, शार्क हा शब्द मामंजींनी पिशवीत घालून आणावा तसा घरी आणला. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फोनवर शोधलं तर शार्क म्हणून विकला जाणारा पट्ट्यांचा एक मासा खरोखरच निघाला. लहानपणी बोटभर, आणि वाढला की हातभर.

"हातभर!" सासूबाई मोरीच्या दारात थबकल्या. "मग आंघोळीला आपण कुठं जायचं?"

"ताठ बसतो बघ," मामंजी काहीशा अभिमानानं म्हणाले. "मला वाटलंच होतं, मोठ्या घरचा आहे."

आता कॉलेजात माझा विषय वनस्पतिशास्त्र. पण आमच्या घरी शास्त्र म्हणजे शास्त्र, त्यामुळे नवऱ्याच्या गुडघेदुखीपासून फ्रिजच्या आवाजापर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. मी वाचनालयातून माशांचं जाडजूड पुस्तक आणलं, तर त्यात पट्टेवाल्यांची रांगच लागलेली. एक समुद्रातला, काट्यात विष असलेला. तो आमच्या नळाच्या पाण्यात टिकलाच नसता. दुसरा तो शार्क. तो रुपेरी असतो आणि दिवसभर उघड्यावर येरझाऱ्या घालतो. आमचा तर काळपट, आणि किल्ला सोडायला तयार नाही. तिसरा अंगानं जाडजूड, कुशीला हाडांच्या काट्यांची रांग. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की नुसत्या पट्ट्यांवर जाऊ नका, मिशा मोजा आणि कुशी पाहा.

"तेच मी म्हणतो!" मामंजी उसळले. "पट्टा काय, कचेरी कुणालाही देते."

त्यांनी मिशा मोजल्या. दोन लांब, चार आखूड. पण काटे दिसतील तर शपथ! कुशी बघायला वाकलं की मासा किल्ल्यामागे सरकायचा. मामंजींनी काचेवर टिचकी मारली, मग विनवणी केली, मग आवाज चढवला. "साधी ओळख पटवायला सांगतोय!"

"चप्पल बघा त्याची," सासूबाई आतून म्हणाल्या.

रविवार उजाडला तेव्हा एकच गप्पी उरला होता, तोही पंपाच्या नळीला चिकटून. सासूबाईंनी जाळी आणून मामंजींच्या हातात दिली. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं. इलाज नव्हता.

जाळी किल्ल्यामागे गेली. पाणी उडालं, पायपुसणं भिजलं आणि मासा वर आला. वर आला तो काटे ताठ करून, जाळीच्या भोकांत असा काही अडकला की सुटेना. आणि त्याच क्षणी आवाज आला.

"कुर्र... कुर्र..."

मामंजी जागच्या जागी थिजले. वर्तमानपत्र टाकून हे धावत आले.

"अगंबाई, बोलला!" सासूबाई म्हणाल्या.

"काय म्हणाला?" मामंजींनी कुजबुजत विचारलं.

"काय म्हणणार? 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.'"

मला हसू आवरेना, तरी मी वाकून पाहिलं. कुशीला करवतीच्या दात्यांसारखी काट्यांची रांग! आणि पुस्तकातली ओळ आठवली: पाण्याबाहेर काढला की कुरकुरतो. "तिसरा!" मी ओरडले. "मामंजी, हा तिसरा! वीतभर होतो, त्याहून मोठा नाही!"

"कात्री!" मामंजी ओरडले.

सासूबाईंची शिवणाची कात्री, जिला कागदसुद्धा लावायची मुभा नाही, ती त्यांनी स्वतः आणून दिली. जाळीच्या चिंध्या झाल्या. मासा पाण्यात पडला आणि मागे न बघता किल्ल्यामागे गेला.

"जाळीच राहिली नाही," हे म्हणाले. "म्हणजे बदली रद्द."

पण सासूबाई सहजासहजी फाईल बंद करणाऱ्यातल्या नव्हेत. "वीतभर होतो, ठीक. पण माझे गप्पी कुणी खाल्ले, ते वाच."

मी वाचलं. गोगलगायी, किडे आणि तोंडात मावतील ते लहान मासे. मामंजी भिजल्या पायपुसण्याकडे बघत राहिले. त्यांची चप्पल खोटं बोलत नव्हती; ती ओली होती आणि दाराकडे वळलेली होती.

सासूबाईंनी एक मोठा श्वास घेतला. "खायचं सगळं, आणि उचलायला गेलं की कुरकूर. जन्मभर दुसरं काय बघितलं मी?" त्यांनी बिस्किटांची बरणी रिकामी करून धुतली, उरलेला गप्पी तिच्यात घातला आणि बरणी ओट्याच्या टोकाला, आपल्या नजरेसमोर ठेवली. "माझा इथं, तुमचा तिथं. आणि ती कात्री पुसून द्या."

मामंजींनी कात्री पुसली. दोनदा पुसली. मग स्टूल ओढून पेटीसमोर बसले. "सूनबाई, नाव काय म्हणालीस?"

मला जरा संकोच वाटला, कारण एवढी यातायात करून पुस्तकातल्या नावातही पहिला शब्द पट्टेवालाच निघाला होता. "पट्टेवाला रॅफेल," मी हळूच म्हणाले.

त्यांनी मान हलवत ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. "असू दे. आधी हुद्दा, मग नाव. बिल्ल्यावरसुद्धा तसंच असतं."