सात सिलिंडरवर नाही

राजरत्नचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आष्ट्यात दादासोंच्या गॅरेजमध्ये तो मिस्त्री होता, राहायलाही तिथंच, मागच्या खोलीत. सहाला मालकांना त्यांची जुनी अमेरिकन गाडी गरम होऊन दारात लागे. त्याआधी तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचा. खड्डा जेमतेम चार फूट खोल. धड उभं राहता येत नसे, धड बसता येत नसे. मान एका बाजूला टाकून रोज तासभर. अशी पंधरा वर्षं. मी शेजारच्या लेथवर होतो, आकडा पक्का आहे.

१९९४ साली साताऱ्याच्या एका कारखान्यानं त्याला कायम नोकरीला बोलावलं. वय पस्तिशीच्या आत हवं आणि कामाचा दाखला हवा. राजरत्न चौतिसाचा होता. दाखल्यावर सही दादासोंची.

"करतो की सही," दादासो म्हणाले. "वीरधवलची नवी गाडी घाटात माझ्या फुडं गेली, की तू मोकळा."

वीरधवल म्हणजे त्यांचा साताऱ्याचा मेहुणा. दरवर्षी खंडेनवमीला यवतेश्वरच्या घाटात दोघांची शर्यत लागायची. जुनी आठ सिलिंडरची, नवी चारची.

"माझं एकशेऐंशी घोडं, तुमचं पंच्याऐंशी," दादासो इंजिनाच्या ताकदीवरून डिवचायचे. "तबेल्यातच फरक हाय, पावणं!"

राजरत्न मला म्हणाला, "कागदावरचं घोडं म्हातारं झाल्यात. सव्वाशे उरलं असतील. वजन पावणेदोन टन. नवी सव्वा टनाची. टनामागं धरलं तर तीन-चार घोड्यांचा फरक."

ते तीन-चार घोडे त्याच्याच हातचे होते. व्हॉल्व्ह त्यानं घासलेले, कार्बोरेटर दर रविवारी त्यानं धुतलेला.

खंडेनवमीला हत्यारं पूजेत असतात, कुणी उचलत नाही. त्या वर्षी डिकीतली हत्यारांची पेटीही आष्ट्याला देवापुढं राहिली होती. राजरत्न बरोबर आला होता. घाटाच्या पायथ्याशी जुन्या गाडीचं इंजिन किंचित अडखळलं. आठातला एक सिलिंडर मारत नव्हता. दादासोंना कळलं नाही. राजरत्ननं मान वर केली, ती वीरधवलनं पाहिली.

"गप ऱ्हा की गड्या," तो हळूच म्हणाला. "आज सुटशील."

राजरत्ननं मागच्या खिशातून प्लग खोलायचा पाना काढला आणि बॉनेट उघडलं.

"आरं, आज हत्यार धरत न्हाईत!" दादासो ओरडले.

"तुमची पूजेत हायती, मालक. ह्यो माझा हाय. आमच्यात पूजा न्हाई."

सदऱ्याच्या टोकानं त्यानं तापलेला प्लग धरला, ब्लेडनं काजळी खरवडली, परत बसवला. दोन बोटं भाजली.

जुनी गाडी एका गाडीच्या अंतरानं पुढं राहून वर पोचली.

"येड्या, दाखला हातात हुता की तुझ्या," वीरधवल म्हणाला.

"सातावर हरली असती तर ती हरली न्हाई म्हणायची," राजरत्न म्हणाला. "आठावर हरवा, मग जातो."

दादासोंनी सही केली नाही. पुढच्या वर्षी वय उलटलं. राजरत्न खड्ड्यात उतरत राहिला. १९९८ला दादासोंनी गाडी विकली, तेव्हा दाखला दिला. तो पत्र्याच्या पेटीत गेला.

पंधरा वर्षांच्या पगारातून जे शिल्लक पडलं होतं, त्यातून राजरत्ननं रस्त्याकडेला छप्पर टाकलं आणि गाडी वर चढवायला लोखंडी रॅम्प करून घेतला. उंची त्यानं स्वतः ताठ उभं राहून मापली: पाच फूट सात इंच, वर चार बोटं.