दाराकडचा नट

माझ्या दिरांना कारखान्यात सगळे थेंबमोजे म्हणत. तोंडावर म्हणत, आणि भाऊजी त्याला ओ पण देत. कागदाच्या कारखान्यात ते पंपांचे फिटर होते. आमचे हे गेले तेव्हा त्यांनीच मुकादमाला गळ घालून मला पंपघरात झाडलोटीला लावलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला ते आठवलं पाहिजे. मला तर रोज आठवतं.

पंपघरात तीन पंप. मधला म्हशीएवढा. त्याच्या पोटातून फिरता दांडा बाहेर येतो, त्या फटीत तेलकट दोरीची कडी एकामागे एक ठासतात आणि वरून एक झाकण दोन नटांनी आवळतात. त्याला ग्लँड म्हणायचं. दोरी झिजली, पाणी वाढलं, की नट थोडे आवळायचे. पार गेली की उकरून नवी भरायची. मी चौथीतून शाळा सोडलेली. पंपातलं काही कळत नव्हतं, पण मत मात्र होतं.

भाऊजींची एक रीत होती. हातातलं घड्याळ काढून पंपाच्या पायथ्याशी ठेवायचे आणि मिनिटभर थेंब मोजायचे. मग दाराकडचा नट अगदी जरासा फिरवायचे, आणि भिंतीकडचा तेवढाच. मग पाना खाली ठेवून नुसते बसायचे. दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. बाकीचे फिटर म्हणायचे, "थेंबमोजे, अहो पंप आहे, बाळंतीण नाही!" भाऊजी म्हणायचे, "बाळंतीण निदान सांगते तरी काय दुखतं ते."

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, एकदाचं पुरतं बंद करून टाका की. माझी फरशी वाळेल."

"ते गळणं नाही वहिनी, ते त्याचं पाणी पिणं आहे. मिनिटाला चाळीस थेंब पडले की दोरी गार राहते. बंद केलं तर जळेल."

"म्हणजे त्यानं प्यायचं आणि मी पुसायचं."

"मग? कुणीतरी घरात कामाचं हवं ना," म्हणाले आणि हसले.

म्हणजे मला सांगितलेलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

त्या दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते. पंपाखालची पाणी जायची नळी महिनाभर तुंबलेली, त्यामुळे थेंब फरशीवर पसरायचे. मी पुसून मागे वळते तोवर पुन्हा ओलं. मुकादम दारात उभा राहून ओरडला, "बाई, पंपघर आहे का तलाव? साहेबांचा पाय घसरला तर तू उद्यापासून घरी!" घरी माझी दोन पोरं होती. भाऊजी सकाळी ग्लँड लावून दुसऱ्या खात्यात गेले होते. पाना खिळ्यावर टांगलेला होता.

मी दाराकडचा नट आवळला. दीड वेढा. भिंतीकडच्या नटाला हात पोचेना, म्हणून तो सोडला. पाणी बंद झालं. फरशी अशी वाळली की मी स्वतःवर खूश झाले. साहेब आले, बघून गेले, मुकादमानं मान डोलावली. आता पुन्हा सैल करीन, असं मनात होतं. खरंच होतं. पण मुकादमानं मला साहेबांच्या चहाच्या कपबशा धुवायला पाठवलं, आणि मी विसरले.

धूर दिसला तेव्हा मी कपबशाच पुसत होते. दोरी जळून कोळसा झाली होती, दांड्यावरची पितळी नळी कोरल्यासारखी खरवडली गेली होती. कारखाना दोन दिवस बंद राहिला.

ग्लँडला शेवटचा हात कुणाचा, एवढंच साहेबांनी विचारलं. मी दाराशी बादली घेऊन उभी. भाऊजी जळकी दोरी हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "एकाच बाजूनं जळलीय," म्हणाले. "झाकण तिरकं बसलं असणार. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही त्याला. मीच तिरकं आवळलं असेन."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी बादली उचलून बाहेर गेले.

भाऊजींना पंपांवरून काढून हत्यारांच्या खोलीत बसवलं. खिडकीतून पाने द्यायचे आणि परत घ्यायचे. निवृत्त होईपर्यंत तेच. कुणी थेंबमोजे म्हणेनासं झालं, ते मला जास्त लागलं. आधी वाटायचं, महिनाभरानं सांगू. मग वाटलं, पोरं हाताशी आली की सांगू. पोरं हाताशी आली, त्यांची लग्नं झाली, मी आजी झाले. गप्प बसायचीही सवय होते, गुडघेदुखीची होते तशी.

खरी शिक्षा त्यांना घरी झाली. घरातला स्क्रू पिळायचा झाला तरी ते शेजाऱ्याला हाक मारायचे. हत्यारांची पिशवी त्यांनी माळ्यावर टाकली. धाकटी जाऊ तोंडाची तिखट. मिक्सर बिघडला की चारचौघांत म्हणायची, "यांच्या हातात देऊ नका हो, कारखाना बंद पाडलाय त्यांनी." सगळे हसायचे. भाऊजीही हसायचे. त्या हसण्यात मीही सामील झालेय, एकदा नाही, खूपदा.

गेल्या महिन्यात ते माझ्याकडे आले होते. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. मी सहज म्हटलं, "एवढं बघा ना भाऊजी."

त्यांनी आपले हात पुढे धरून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. "नको वहिनी. नळवाल्याला बोलवा. या हातांचा काही भरवसा नाही."

मी गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. उभ्यानंच.



"किती फिरवला?" त्यांनी विचारलं.

"दीड वेढा."

"कुठला?"

"दाराकडचा. भिंतीकडचा पोचला नाही."

"एकच," म्हणाले. मग पुन्हा, "एकच फिरवलात. तरीच तिरकं." डोळे मिटून बसले. "वहिनी, मी बावीस वर्षं रात्रंदिवस आठवतोय, त्या सकाळी माझं लक्ष कुठे होतं. नव्हतं कुठेच. तिथंच होतं."

चहा तसाच ठेवून गेले. मी माफ करा म्हणाले, ते जिन्यात ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी आले ते शेजाऱ्याचा पाना आणि खिशात नवा वायसर घेऊन.  नळ खोलला, वायसर बदलला, आवळला, थांबले, पुन्हा जरासा आवळला. ठिबकणं थांबलं. हात पुसत म्हणाले, "घरी तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल म्हातारपणी गोष्ट रचली."

त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी चपला घातल्या. ते पुढे, मी मागे.

धाकटी भांडी लावत होती. मी एका दमात सांगितलं, कारण दम घेतला असता तर परत फिरले असते. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आणि मी तुम्हाला…"  स्टूल ओढलं, साठीची बाई स्टुलावर चढली, माळ्यावरची पिशवी खाली काढली आणि ताट वाढावं तशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मग बंद पडलेला मिक्सर आणून शेजारी ठेवला.

भाऊजींनी पिशवीची दोरी सोडली.

मला ती बसा म्हणाली नाही. मीही बसले नाही.